उन्हाळा, मंडप आणि सहा तारा : अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटारचा खानदेशी आढावा

जळगावात काय किंवा धुळ्यात काय, गिटार शिकायला लागलेला मुलगा थोडा हात बसला की सरांना हमखास विचारतो, ‘सर, आता पिकअपवाली घेऊ की साधीच बरी?’ दुकानदार एक सांगतो, सर दुसरं सांगतात आणि ऑर्केस्ट्रात वाजवणारा दादा तिसरंच. तिघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत. पोकळ लाकडी पेटीची साधी गिटार, तिच्यात बसवलेला पिकअप आणि बरगडीवर आवाजाची बटणं असं हे वाद्य आहे. आपल्याकडच्या दुकानांत त्याला बहुतेक वेळा ‘सेमी-अकूस्टिक’ म्हणूनच मागतात. त्याच्या गुणदोषांवर जगभर पुष्कळ चर्चा झाली आहे. पण ती बहुतांशी थंड, दमट किंवा वातानुकूलित जागी बसून झालेली आहे. मे महिन्यातलं भुसावळ आणि कानबाईच्या रात्रीचा मंडप त्या चर्चेत नाहीत. म्हणून ती चर्चा इथे खानदेशाच्या अंगाने मांडतो आहे.

मागचा धागा

गिटारचा मूळ दोष एकच, तिचा आवाज लहान. ढोलकी, पेटी किंवा पितळी बँड शेजारी आला की ती बुडते. लोखंडी तारा आल्या, पेटी मोठी झाली, तरी भागलं नाही, तेव्हा विजेची मदत घेतली गेली. १९३६ साली गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही चुंबकी पिकअप असलेली गिटार बाजारात आणली. १९५४ मध्ये त्याच कंपनीची जे-१६०ई आली. दिसायला ती साधी अकूस्टिक, पण तिच्या गळ्याच्या टोकाशी चुंबकी पिकअप लपवलेला होता. पुढे बीटल्सच्या हातात हीच गिटार दिसली. तिची पुढची फळी मुद्दाम प्लायची केली होती. अस्सल एकसंध लाकूड स्पीकरच्या आवाजाने थरथरतं आणि ‘हुऽऽ’ असा फीडबॅक देतं, तो कमी व्हावा हा हेतू. सत्तर वर्षांपूर्वीचा हा निर्णय खानदेशातल्या आजच्या चर्चेतही कामाला येतो. त्याकडे पुढे येईनच.

दुसरी वाट पिएझोची. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांच्यातून वीज निघते, हे प्येर आणि जाक या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं होतं. गिटारमध्ये हा शोध रुजायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांनी १९६६ मध्ये ओव्हेशन गिटार काढली. तिची पाठ फायबरग्लासची आणि गोल. थोड्याच वर्षांत या गिटारींत तारांच्या खाली पिएझो पिकअप बसू लागला आणि मोठ्या मंचांवर हा प्रकार रूढ झाला. १९८७ साली यामाहाची एपीएक्स ही पातळ पेटीची मालिका आली. ती मंचावर वाजवण्यासाठीच आखलेली होती. १९८९ पासून एमटीव्हीवर ‘अनप्लग्ड’ कार्यक्रम सुरू झाला आणि अकूस्टिक गिटारचा आवाज पुन्हा घराघरांत गेला. त्या कार्यक्रमांतल्या कितीतरी गिटारींनाही वायर जोडलेलीच असे.

खानदेशात गिटार तीन दारांनी आली. एक दार चर्चचं: धुळे-नवापूर पट्ट्यातल्या मिशनच्या प्रार्थनांचं. दुसरं ऑर्केस्ट्राचं आणि तिसरं कॉलेजचं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवात पाश्चात्त्य गायन-वादनाचे प्रकार असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली मुलं तिथे गिटार घेऊन येतात. अलीकडे अहिराणी गाण्यांचं यूट्यूबवर मोठं पीक आलं आणि त्या गाण्यांचे मंचीय कार्यक्रमही वाढले. त्यामुळे चौथं दारही उघडलं. मात्र अहिराणी गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात ऐकू येणारी गिटार बऱ्याचदा कीबोर्डमधूनच येते. खरी गिटार त्या गाण्यांत अजून पाहुणी आहे.

वायरीत आवाज कसा जातो

बाजू मांडण्याआधी हे समजून घ्यावं लागतं, कारण निम्मे वाद इथल्याच गैरसमजातून निघतात.

सर्वांत जास्त विकला जातो तो ब्रिजखालचा पिएझो. गिटारच्या तारा ज्या पांढऱ्या पट्टीवरून जातात ती पट्टी, म्हणजे सॅडल, खाचेतून उपसून काढली तर खाली काडीएवढी बारीक पट्टी दिसते. तीच पिकअप. तारांचा दाब सॅडलमधून तिच्यावर पडतो आणि त्याची वीज होते. ती पेटीत घुमणाऱ्या हवेचा आवाज उचलत नाही, दाब उचलते. म्हणून तो आवाज स्वच्छ, टोकदार आणि थोडा प्लास्टिकी लागतो. नखाने जोरात छेडलं की पत्र्यावर खडा पडल्यासारखा टणत्कार येतो. सॅडलचा तळ सपाट घासलेला नसेल तर एखादी तार वायरीतून मुकी होते, पण हाताने वाजवली की ठणठणीत असते. अशी गिटार ‘पिकअप गेला’ म्हणून दुरुस्तीला येते. कारागीर सॅडलचा तळ काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासतो, परत बसवतो आणि ती तार बोलू लागते. पिकअपला काहीच झालेलं नसतं.

दुसरा प्रकार चुंबकी, गिटारच्या गोल भोकात अडकवायचा. हा तारेचं लोखंड ओळखतो. जाड तारांवरचं ब्राँझचं वेष्टण त्याला जाणवत नाही, त्यामुळे बारीक तारा मोठ्या आणि जाड तारा दबक्या येतात. आवाज गोड आणि मऊ असतो, पण इलेक्ट्रिक गिटारच्या बाजूला झुकतो. नायलॉन तारांना तो चालत नाही. तिसरा प्रकार पेटीच्या आतून फळीला चिकटवायच्या चकत्यांचा. त्यांच्यात लाकडाचा आवाज जास्त येतो आणि फीडबॅकही जास्त. चौथा, पेटीच्या आत बारीक माइक. महागड्या गिटारींमध्ये यांतले दोन एकत्र करतात. काहींमध्ये स्टुडिओत माइकवर टिपलेल्या त्याच गिटारच्या आवाजाचं गणित चिपमध्ये भरलेलं असतं आणि पिएझोच्या आवाजाला ती चिप माइकचं रूप देते.

मंचावर वाजवणाऱ्यांची बाजू

ऑर्केस्ट्रा, भजन-फ्यूजन, चर्च आणि लग्नातले संगीत कार्यक्रम करणाऱ्यांचा कल सरळ पिकअपच्या बाजूने आहे. त्यांचं म्हणणं वजनदार आहे.

साध्या गिटारसमोर माइक लावला की वादकाला त्या माइकपुढे खिळून बसावं लागतं. मंडपात शेजारी ढोलकी आणि ऑक्टापॅड, समोर मॉनिटर स्पीकर. माइक गिटारपेक्षा ढोलकीच जास्त उचलतो. आवाज वाढवला की हूऽऽ. पिएझोला शेजारची ढोलकी फारशी ऐकूच येत नाही. वादक उभा राहू शकतो, गायकाकडे वळू शकतो. बरगडीवरच्या बटणावर हात ठेवून मुखड्याला आवाज खाली आणि अंतऱ्याच्या आधीच्या तुकड्याला वर करू शकतो. बटणांच्या या डबीत, म्हणजे प्रीअँपमध्ये, बहुतेक वेळा ट्यूनर असतो. मंडपात कानाने सूर लावणं अवघड, तिथे हा ट्यूनर सोन्यासारखा. गळ्याशी पेटी कापलेली असल्याने वरच्या घरांपर्यंत बोटं सहज पोचतात, याचाही ते आवर्जून उल्लेख करतात.

आणखी एक मुद्दा आपल्याकडचाच आहे. वीज गेली की कीबोर्ड मुका होतो, पूर्ण इलेक्ट्रिक गिटारही मुकी होते. ही गिटार वाजत राहते. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे. वर्षातले ठरावीक दिवस सोडले तर मध्यरात्रीपर्यंत सवलत नसते. कानबाईच्या जागरणात दहानंतर स्पीकर बंद झाला आणि अंगणात बायका गाणी म्हणत बसल्या, तर तीच गिटार वायर काढून त्यांच्या साथीला बसू शकते. हा गुण कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेला मला दिसला नाही. माझ्या मते खानदेशापुरता तोच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

आवाजाच्या जाणकारांची बाजू

या बाजूचं म्हणणं असं की दोन्हीकडे अर्धवट राहणारं हे वाद्य आहे. बरगडीला मोठं चौकोनी भोक पाडून प्रीअँप बसवला की पेटीची थरथर थोडी तरी बदलते. पातळ पेटी केली की फीडबॅक कमी होतो, पण खर्जही जातो. कारखान्यातून येताना अशा गिटारींना अनेकदा बारीक तारा लावलेल्या असतात. त्या बोटांना सोप्या, पण वायर काढल्यावर आवाज पिचका. म्हणजे खोलीत वाजवायला ती साध्या गिटारपेक्षा उणी, आणि वायरीतून ऐकली तर पिएझोचा टणत्कार. त्यांचा तिसरा आक्षेप पैशांचा. ठरावीक रकमेतला काही भाग इलेक्ट्रॉनिक्सवर गेला की लाकडावर आणि कारागिरीवर तेवढा कमी जातो. साधारण सहा-सात हजारांच्या गिटारमध्ये प्रीअँप, ट्यूनर, बॅग आणि पट्टा सगळं मिळत असेल, तर कशात तरी काटकसर झालेलीच असणार.

हा पैशांचा आक्षेप मला पूर्ण पटतो. लाकडाचा आक्षेप थोडा सांभाळून घ्यावा लागेल. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा गिटारी सर्व बाबतींत सारख्या, फक्त पाठ आणि बरगड्यांचं लाकूड वेगळं. ५२ गिटारवादकांनी त्या मंद प्रकाशात, लाकूड ओळखू येऊ नये अशा बेताने वाजवून पाहिल्या. महाग आणि स्वस्त लाकडाच्या पसंतीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. हा प्रयोग पुढच्या फळीबद्दल नव्हता, हे विसरू नये. पुढच्या फळीचं महत्त्व सगळेच मानतात. पण पाठीच्या लाकडाच्या नावावर चार-पाच हजार जास्त मोजायला सांगणाऱ्याला हा प्रयोग जरूर ऐकवावा.

मधली वाट

पुष्कळ शिक्षक तिसरीच सूचना करतात. चांगली साधी गिटार घ्या, मंचाची वेळ आली की पिकअप वेगळा लावा. भोकात अडकवायचा चुंबकी पिकअप पाच मिनिटांत बसतो आणि निघतो. फळीला चिकटवायच्या चकत्या कारागिराकडून बसवून घेता येतात. गिटारला भोक पडत नाही, पुढे गिटार बदलली तर पिकअप नव्या गिटारला जातो. शिवाय लाकूड इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा जास्त जगतं. बरगडीत बसवलेला प्रीअँप बिघडला आणि तो नमुना कंपनीने बंद केलेला असला, तर त्याच मापाचा दुसरा मिळत नाही आणि बरगडीचं भोक तसंच राहतं.

याची दुसरी बाजूही आहे. वेगळ्या पिकअपला लोंबती वायर असते, आवाजाचं बटण बहुधा नसतं, ट्यूनर नसतो. गडबडीत मंचावर चढणाऱ्या मुलाला एकच जॅक खुपसला की झालं, ही सोय लहान नाही. नाशिक, पुणे, सुरत किंवा इंदूर गाठल्याशिवाय फळीच्या आतलं काम करणारा हात मिळणं कठीण, तिथे कारखान्यातूनच बसून आलेल्या पिकअपचं पारडं थोडं जड होतं.

ऊन, कूलर आणि पावसाळा

इथे खानदेश उरलेल्या जगापासून वेगळा पडतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गिटार बनवणारे साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य मानतात. जळगाव-भुसावळात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली येते. लाकूड आक्रसतं, तेही लांबीत नाही, रुंदीत. पुढची फळी आत बसते, तारा घरांच्या पट्ट्यांना टेकू लागतात आणि वाजवताना घरघर येते. गळ्यावरची काळी फळी आक्रसली की धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर येतात. गळ्यावरून हात फिरवला की तळव्याला करवतीसारखी बोचतात. नवी गिटार घेतलेली मुलं मे महिन्यात ‘हात कापतो’ म्हणून दुकानात परत येतात ती यामुळेच. पाऊस लागला की उलटं होतं. फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो, तारा उंच होतात आणि बोटं दुखतात.

याहून वाईट गोष्ट कूलरची. घरोघरी डेझर्ट कूलर. रात्री कूलरच्या खोलीत हवा ओली, सकाळी कूलर बंद करून खिडक्या उघडल्या की कोरडी. गिटार रोज फुगते आणि रोज आटते. कूलरच्या झोतासमोर भिंतीला टांगलेली गिटार हा आपल्याकडचा सर्वांत सामान्य अपघात आहे. एसीही हवेतला ओलावा काढून घेतो. बंद मोटारीच्या डिकीत उन्हाळ्यात साठ अंशांच्या वर सहज जातं. तिथे ब्रिजखालचा गोंद मऊ पडतो आणि सत्तर किलोच्या आसपास असलेला तारांचा एकूण ताण ब्रिजला फळीवरून उचलू लागतो.

मग अशा हवेत एकसंध लाकडाची गिटार घ्यावी की प्लायची? जाणकार एकसंध लाकडाच्या बाजूने बोलतात, कारण त्याचा आवाज खुलतो आणि वर्षागणिक पिकतो. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ती कमी हलते, कमी तडकते. जे-१६०ईचा निर्णय इथे आठवावा. जिचा आवाज मुख्यतः पिएझोतून जाणार आहे, त्या गिटारला फळीच्या मोकळेपणाचा फायदा थोडा आणि फीडबॅकचा तोटा जास्त. दुचाकीवर पाठीला अडकवून पारोळा, अमळनेर, साक्री करणाऱ्या वादकाला मी प्लायची गिटार निःशंकपणे सुचवीन. एकसंध लाकडाची हवीच असेल तर तिला तिच्या पेटीत, आत आर्द्रतामापक आणि उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर स्पंज ठेवून जपावं लागेल. स्पंज पिळून घ्यायचा, त्यातून थेंब पडता कामा नये. पावसाळ्यात स्पंजच्या जागी सिलिका जेलच्या पुड्या.

इलेक्ट्रॉनिक्सलाही ऊन सोसत नाही. प्रीअँपला चौकोनी नऊ व्होल्टचा सेल किंवा दोन पेन्सिल सेल लागतात. गिटार महिनोन्महिने पडून राहिली तर उष्णतेत सेल पाझरतो आणि पत्र्या खातो. जॅक खुपसलेला राहिला तर गिटार वाजत नसतानाही सेल खर्च होत राहतो, कारण बहुतेक गिटारींत जॅक हाच चालू-बंदचा स्विच असतो. कार्यक्रम संपला की आधी जॅक काढायचा, आणि सुट्टीत सेलही.

मिक्सर, अर्थिंग आणि ऑपरेटर

गिटारच्या आवाजाबद्दलची निम्मी तक्रार खरं तर तिच्यापुढच्या साखळीची असते. बॅटरीविना असलेल्या पिएझोला पुढे खूप मोठा इनपुट इम्पिडन्स लागतो, दहा लाख ओहमच्या घरातला. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटचा तो दहा हजार ओहमच्या आसपास असतो. तिथे थेट जोडला की खर्ज गळतो आणि डब्यासारखा आवाज येतो. प्रीअँप असलेल्या गिटारला हा त्रास कमी, पण वायरीचा त्रास तिलाही आहे. गिटारची साधी वायर वीस फुटांच्या पुढे गेली की घुंई उचलते. मिक्सर मात्र मंडपाच्या दुसऱ्या टोकाला असतो.

यावर उपाय डीआय बॉक्सचा. विटेहून लहान अशी ही डबी गिटारशेजारी ठेवायची. ती आवाज माइकच्या वायरीवरून मिक्सरपर्यंत शंभर फुटांवरही स्वच्छ नेते. तिच्यावर ‘ग्राउंड लिफ्ट’चा खटका असतो, घुंई येत असेल तर तो दाबून पाहायचा. जळगाव-धुळ्याच्या नाट्यगृहांत ही सोय मिळू शकते, गावातल्या मंडपात सहसा नाही. जनरेटरवरच्या मंडपात अर्थिंग नसेल तर जॅकच्या धातूला हात आणि ओठ माइकला लागला की झटका बसतो. हा गिटारचा दोष नव्हे, पण गिटारवादकाचा जीव मात्र त्यात असतो. अर्थिंग तपासल्याशिवाय वायर जोडू नये, हे मी हात जोडून सांगतो.

ऑपरेटरचा कान ढोलकी आणि कीबोर्डला सरावलेला आहे. गिटारच्या चॅनलवर तो सवयीने तिखट वाढवतो, आणि पिएझो आधीच तिखट. वादकाने स्वतःहून जाऊन तिखट थोडं कमी, मधला सूर थोडा खाली आणि खर्जात शंभर हर्ट्झच्या आसपास कापून घेतलं, तर साधी गिटारही ऐकण्याजोगी होते. पेटीची हवा आणि पुढची फळी साधारण शंभर ते दोनशे हर्ट्झच्या दरम्यान सर्वांत जास्त घुमते, फीडबॅकही बहुधा तिथेच सुरू होतो. भोकावर बसवायची रबरी चकती त्यावर स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

आपल्या गाण्याशी मेळ

गायक म्हणतो काळी एक, गायिका म्हणते काळी चार. गिटारवादक कॅपो लावतो आणि ओळखीच्या कॉर्डवर वाजवतो, इथवर ठीक. पण जुनी पेटी अनेकदा ४४० हर्ट्झच्या मापाला तंतोतंत नसते. प्रीअँपमधला ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो आणि तरी पेटीशी सूर भांडतो. अशा वेळी ट्यूनर बाजूला ठेवून पेटीला प्रमाण मानावं. काही ट्यूनरमध्ये हे माप बदलता येतं; गिटार घेताना ते पाहावं.

बहिणाबाईंच्या ओव्या किंवा आखाजीची गाणी गिटारवर धरणाऱ्या मुलांना मींड हवी असते. तार ओढून स्वर खेचायला बारीक तारा आणि खाली बसलेली उंची बरी, आणि इथे ही गिटार साध्या गिटारपेक्षा सोयीची ठरते. ब्रिजभूषण काबरा यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये १९६७ साली गिटारवर रागसंगीत घराघरांत नेलं आणि पुढे विश्वमोहन भट यांनी मोहनवीणेवर ती वाट रुंद केली. पण ती सरकपट्टीची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार. बोटांनी दाबून वाजवायच्या गिटारवर आपली गायकी कितपत उतरते, यावर एकमत नाही. पडद्यांनी बांधलेल्या बारा स्वरांत अहिराणी गाण्यातला हेल मावत नाही, असं लोकगीतांचे जाणकार म्हणतात. ताल धरायला गिटार, हेल धरायला गळा, ही वाटणी पुरे आहे असं तरुण गायकांचं उत्तर. मला दोघांचंही म्हणणं ऐकावंसं वाटतं, कारण या प्रश्नाचा निकाल गाण्यातूनच लागायचा आहे.

जे अजून सुटलेलं नाही

मंडपातल्या श्रोत्याला पिएझो आणि माइक यांतला फरक जाणवतो का? वादकाला जाणवतो, यात वाद नाही. चिपमधल्या माइकचा आवाज स्वस्त गिटारींत उतरला की जुना वाद मिटेल, असं एक मत आहे. दुसऱ्या मताप्रमाणे तो आवाज गिटारचा राहत नाही, टिपलेल्या नमुन्याचा होतो. खानदेशच्या हवेत प्लाय आणि एकसंध लाकूड दहा-दहा वर्षं शेजारी ठेवून कोणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे संगीत शिकवणाऱ्या संस्था आहेत, पदार्थविज्ञानाचे विभाग आहेत. एवढी मोजणी एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पातही बसेल. दुरुस्तीचा प्रश्न तर उघडाच आहे: जिल्ह्याच्या गावी सॅडल घासणारा, पट्ट्यांची टोकं कानसणारा आणि गळ्यातला ट्रस रॉड जाणणारा एक तरी तरबेज हात तयार होईपर्यंत महागडी गिटार घेणं धाडसाचंच राहील.

घेणाऱ्यासाठी

शिकायला सुरुवात करणाऱ्याने पिकअपवर पैसे घालू नयेत. त्या पैशांत बरी साधी गिटार घ्यावी आणि उरलेल्यांतून तिच्या तारांची उंची जाणकाराकडून नीट करून घ्यावी. महिन्यातून दोन-चार कार्यक्रम करणाऱ्याने प्लायची, ब्रिजखालच्या पिएझोची, नावाजलेल्या कंपनीची गिटार घ्यावी आणि तिच्यासोबत डीआय बॉक्स. दोन्हींचं एकत्र बजेट बसत नसेल तर गिटार एक पायरी खालची घ्यावी, डीआय बॉक्स सोडू नये. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला या गिटारची गरजच नाही. त्याला शांत खोली, एकसंध फळीची साधी गिटार आणि चांगला माइक पुरेल.

दुकानात गेल्यावर आधी वायर न लावता वाजवा. वायर काढून जी गिटार मनात भरत नाही, ती घेऊ नका. मग वायर लावून सहाही तारा एकेक करून, सारख्या जोराने छेडा. एखादी तार दबली तर दुकानदाराला सॅडल तपासायला सांगा. आणि शक्य असेल तर खरेदी मे महिन्यात करा. जी गिटार जळगावच्या उन्हात घरघरत नाही आणि जिच्या पट्ट्या हाताला बोचत नाहीत, ती पुढे पाऊसही काढते.